डावी वेणी

मला एका जागी बसता येत नाही. लहानपणापासूनची खोड आहे. जेवताना पाय हलतो, फोनवर बोलताना मी घरभर फिरते, आणि हे लिहायला बसल्यापासून दोनदा उठून गॅस बंद आहे ना ते बघून आले. आई मला वळवळी म्हणायची. माझे केस विंचरणं ही तिच्या सहनशक्तीची रोजची परीक्षा होती. "मान सरळ. अगं, मान सरळ ठेव. मान!" सकाळी सात वाजता आमच्या दारावरून जाणाऱ्याला घरातून एवढंच ऐकू यायचं.

ऐंशीच्या दशकात, मी पाचवीत जायच्या वर्षी, आम्ही साताऱ्याहून नेरूळला आलो. बाबांना तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये नोकरी लागली होती. कंपनीची बस त्यांना सकाळी घेऊन जायची आणि संध्याकाळी सोडायची. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचा, भिंतींना अजून ओल्या चुन्याचा वास. खिडकीतून दिसायची ती सपाट माती, अर्ध्या उभ्या इमारती आणि त्यांच्यापलीकडे मिठागरं आणि खाडी. साताऱ्यात मी शाळेतून आले की दप्तर फेकून गल्लीतल्या चार घरांतून भटकून यायचे. इथे सगळ्यांची दारं बंद असायची. शाळा नवी, मुली भरभर बोलणाऱ्या. मी तोंड उघडलं की एकजण तरी विचारायची, "तू घाटावरची ना गं?" त्या विचारण्यात काही वाईट नव्हतं, पण मला ते फार लागायचं. मग मी तोंड उघडणंच कमी केलं.

तेव्हा माझे केस कमरेपर्यंत होते. दोन वेण्या, लाल रिबिनी. त्या केसांवर आईचा किती जीव होता हे सांगायचं तर आधी आजोळची भिंत सांगायला हवी.

आजोळी माजघरात एका ओळीत फोटो लावलेले होते. सगळे एकाच तऱ्हेचे. मुलगी पाठमोरी उभी, समोर आरसा, आरशात तिचा चेहरा, आणि पाठीवर मोगऱ्याच्या कळ्यांनी भरलेली लांब वेणी. याला वाडी भरणं म्हणतात. मोगऱ्याच्या दिवसांत मुलीची घट्ट वेणी घालायची आणि तिच्यावर मिटलेल्या कळ्या एकीला एक खेटून टाचत जायचं, इतकं की केस दिसता कामा नयेत. मग कळ्या उमलायच्या आत फोटोवाल्याकडे पळायचं. त्या घरातली प्रत्येक मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की तिची वाडी भरली जायची. आजी आणि तिची बहीण होती, ते दोन फोटो आजीनं माहेरून आणलेले, मग मोठी मावशी होती. मग एक रिकामा खिळा होता, त्याच्यावर कायम कॅलेंडर लटकत असे. आणि मग धाकटी मावशी.

तो खिळा आईचा. ती अकरा वर्षांची असताना तिला विषमज्वर झाला आणि तिचे केस भादरावे लागले. पुन्हा वाढेपर्यंत तीन-चार उन्हाळे गेले, तोवर धाकट्या मावशीची पाळी आली, आणि आईचं राहून गेलं. ती हे कधी रडून वगैरे सांगायची नाही. "माझं राहून गेलं," एवढंच म्हणायची, आणि लगेच माझ्या वेण्यांकडे बघायची. माझा फोटो त्या खिळ्यावर लागणार, हे मी जन्मले तेव्हाच ठरलं असावं. सहावीची परीक्षा झाली की मे महिन्यात, असा तिचा बेत होता. तो बेत मला रोज ऐकवला जायचा.

आणि नेरूळला आल्यावर माझे केस तुटायला लागले.

पहिल्यांदा टोकांना फाटे फुटले. मग केस राठ झाले. फणीत लांब केस यायचे तिथे बोटभर तुकडे यायला लागले. आई ते तुकडे उजेडात धरून बघायची. "मुळासकट नाही आलेला. तुटलाय," म्हणायची. गळलेला केस पुन्हा येतो, तुटलेला म्हणजे वाढवलेलं वाया गेलं, असं तिचं शास्त्र होतं, आणि ते बरोबरच होतं. वर्षभरात कमरेपर्यंतच्या वेण्या पाठीच्या मध्यावर आल्या. त्यातही डावी उजवीपेक्षा चांगली चार बोटं आखूड. आईनं बाबांची मोजपट्टी आणून मोजली. दर रविवारी न्हायला घालायच्या आधी ती मला पाठमोरी उभी करून दोन्ही वेण्या मोजायची, आणि मी पायाच्या अंगठ्यानं लादीवर गोल काढत उभी असायचे.

डावीच आखूड का, याचा तिनं फार विचार केला. मी डाव्या कुशीवर झोपते म्हणून उशीवर घासून तुटतात, असं तिनं ठरवलं आणि माझं अंथरूण फिरवलं, म्हणजे मी भिंतीकडे तोंड करून उजव्या कुशीवर झोपेन. दप्तर डाव्या खांद्यावर असतं म्हणून, मग दप्तर उजव्या खांद्यावर आलं. खिडकीतून येणारा खारा वारा डाव्या बाजूनं लागतो म्हणून अभ्यासाचं टेबल हलवलं. बाबा हसायचे. "आता इमारत फिरवूया," म्हणायचे.

तेल तर विचारू नका. खोबरेल तेलात माका, जास्वंदीची फुलं, मेथीदाणे, कढीपत्ता घालून ते काळंहिरवं होईपर्यंत उकळायचं. माका आजोळहून पार्सलनं यायचा. त्या तेलाचा वास माझ्या वह्यांना लागला होता. न्हाताना शिकेकाई, मग ताक, मग एका बाईनं सांगितलं म्हणून अंडं, ज्याच्यानंतर आईनं बादली तीनदा घासली. एकेक उपाय महिनाभर चालायचा आणि महिन्याच्या शेवटी मोजपट्टी निघायची. वर आखूड वेणीला पीळ पडावा म्हणून ती इतकी ताणून बांधायची की माझ्या भुवया वर जायच्या.

खरं काय होतं ते मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी वेणी चावायचे. वर्गात उजव्या हातात पेन, डावा हात मोकळा, आणि डावी वेणी पुढे घेतली की तिचं टोक बरोबर तोंडाशी यायचं. बाईंनी प्रश्न विचारायला सुरुवात केली की मी टोक दातांत धरायचे. उत्तर येत नाही म्हणून भीती नव्हती, उत्तर यायचंच, पण ते देताना माझं बोलणं ऐकून कुणीतरी मागे वळून बघेल याची धास्ती होती. संध्याकाळी बाबांची बस उशिरा आली की खिडकीत उभी राहून चावायचे. एकेक केस दातांखाली कट्कन तुटायचा आणि त्या आवाजानं मला बरं वाटायचं. किळस येते ना? मलाही यायची. रोज ठरवायचे की उद्यापासून नाही. पण मी वळवळी. हाताला आणि तोंडाला काहीतरी लागायचंच. आई घरात असली की मी हात मांडीखाली दाबून बसायचे, म्हणून तिला कधी दिसलं नाही.

आणि सांगावं तर सांगायचं कसं? तिनं अंथरूण फिरवलं तेव्हा सांगता आलं असतं. टेबल हलवलं तेव्हाही. प्रत्येक नव्या उपायाबरोबर सांगणं अवघड होत गेलं.

मग दिवाळीनंतर आईनं पाण्याला धरलं.

आमच्या नळाला तेव्हा दिवसातून तासभर पाणी यायचं, नाहीतर बोअरिंगचं. ते बोअरिंगचं पाणी खारट होतं. साबणाला फेस यायचा नाही, भांड्यांवर पांढरे डाग राहायचे. "पाणीच मारतंय केसांना," आई म्हणाली, आणि एकदम तिचा चेहरा खुलला, इतके दिवस हरवलेली किल्ली सापडल्यासारखा. कॉलनीच्या पाठीमागे, दहा-बारा मिनिटांवर, जुनं गाव होतं. तिथे एका आगरी म्हातारीच्या अंगणात गोड्या पाण्याची विहीर होती. आईनं जाऊन तिच्याशी ओळख केली, पाणी न्यायची परवानगी काढली, आणि दुसऱ्या दिवसापासून डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन ते पाणी आणायला लागली.

आधी फक्त माझ्या न्हाण्यापुरतं, आठवड्यातून दोनदा. मग सकाळी वेण्या घालताना केस ओले करायलाही तेच. मग प्यायलाही मला तेच, कारण केस शेवटी आतूनच येतात. डिसेंबर उजाडला तेव्हा ती रोज दोन खेपा घालत होती. तीन जिने. लिफ्ट नव्हतीच.

आमच्या सोसायटीत सगळे नोकरदार. बायका पर्स घेऊन बस पकडायच्या. डोक्यावर चुंबळ ठेवून, तिच्यावर हंडा घेऊन जिना चढणारी बाई तिथे एकटी आमचीच. माझ्या वर्गातली एक मुलगी पहिल्या मजल्यावर राहायची. तिनं एकदा सगळ्यांदेखत विचारलं, "तुमच्याकडे नळ नाही काय?" मी डावी वेणी तोंडात घातली. बाबांनाही ते आवडत नव्हतं.

"अगं, लोक हसतात. सोसायटीत आपली काही पत आहे की नाही?" ते म्हणाले.

"हसू देत," आई म्हणाली. "मे महिन्यापर्यंतच."

"आणि तुझी मान?"

"माझ्या मानेला काय धाड भरलीय?"

बाबा बुटांना पॉलिश करायला लागले. मी गणिताची वही उघडली. अंगावर कुणीतरी मुंग्या सोडल्यासारखं होत होतं. एका बाजूला आई हंडा चढवत होती आणि दुसऱ्या बाजूला मी चावत होते. ती पाण्यानं जेवढं वाचवायची तेवढं मी दातांनी संपवत होते, आणि हे रोज, शाळा धरून, रविवार धरून. मला तिचा राग यायला लागला. खरंच सांगते, राग. एवढं कशाला करायचं कुणी? कुणी सांगितलं होतं? मग त्या रागाची लाज वाटायची, आणि मग हात वेणीकडे जायचा.

एप्रिल लागला. आई मोजपट्टी घेऊन बसली आणि उठलीच नाही. सहा महिने गोडं पाणी आणून उजवी वेणी जेमतेम दोन बोटं वाढली होती आणि डावी होती तिथेच होती. दुसऱ्या दिवशी परीक्षेची सुट्टी होती. तिनं मला बरोबर घेतलं आणि विहिरीवर नेलं.

ती म्हातारी साठीची असेल, पण केस काळेभोर, मनगटाएवढा जाड अंबाडा, त्यात पिवळं फूल. तिचं माहेर उरणचं. घरच्या होडीचं जाळं मांडीवर घेऊन ती दारात बसून शिवायची, आणि शिवता शिवता येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायची. आईनं हंडा खाली ठेवला आणि विचारलं, "मावशी, तुम्ही केसांना काय लावता हो?"

"मी काय लावतंय? खोबऱ्याचा त्याल. आनि गप ऱ्हातंय." ती हसली. "वल्ले केस कवा इंचरत नाय. फनी घ्यायची ती आदी खालून, मंग वर. तुमी वरशी वरपाडता नि मंग गुत्ता तुटतो." मग मला म्हणाली, "ये गो बाय, बघू दे."

मी पुढे झाले. तिनं आधी उजवी वेणी सोडली, टोकं बोटांवर पसरली. मग डावी. डावी तिनं बराच वेळ बघितली. नंतर मांडीवरचं जाळं पुढे ओढलं आणि त्यातलं एक भोक आईला दाखवलं.

"जालं पान्यानी कुजलं का समदीकरं सारकंच कुजतं. उंदरान कुरतारलं का येकाच जागी जातं." तिनं माझ्या वेणीचं टोक आईच्या हातात दिलं. "ताय, ह्या पान्याचा दोस नाय. पोर चावते."

मी जमिनीकडे बघत होते. विहिरीच्या रहाटावर एक कावळा बसला होता, तो उडाला.  तिनं टोक पाहिलं, मग माझा चेहरा पाहिला, आणि तिला कळलं. म्हातारी पुन्हा जाळं शिवायला लागली होती. "चावत्यात पोरी," ती म्हणाली, "जीव लागत नाय तवा चावत्यात. मारू नको तिला."

आईनं पाणी ओढलं, हंडा भरला, कळशी भरली, चुंबळ ठेवली आणि चालायला लागली. मी मागे. तिच्या टाचा दिसत होत्या आणि हंड्यातून थोडं थोडं सांडणारं पाणी. मी मनात म्हणत होते, मार. घरी जाऊन मार एकदा. पहिल्या मजल्यावर नाही मारलं, दुसऱ्यावर नाही. घरात आल्यावर तिनं हंडा उतरवला, पदरानं मान पुसली आणि म्हणाली, "पाणी आणलंय. न्हाऊन घे."

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी वेण्या घालताना तिचे हात नेहमीसारखे ताणत नव्हते. आधी खालची टोकं, मग वर, तसं हळूहळू विंचरत होती. मग पाठीमागूनच म्हणाली, "शाळेत जीव लागत नाही का गं?"

मी मान हलवली. तिनं "मान सरळ" म्हटलं नाही. मी रडले. ती विंचरत राहिली.

चावणं त्या दिवशी थांबलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. तिनं टोकांना कडुनिंबाचा रस लावला, मी तोही चघळला. पण कमी झालं. चोरून करायची गरज संपली आणि तिची मजाही गेली. आई मात्र पाणी आणतच राहिली. "आता कशाला?" मी विचारलं. "सवय झाली," ती म्हणाली. पण तिची नजर कॅलेंडरवर असायची. मे महिना लागला होता आणि बेत तिनं सोडलेला नव्हता.

फोटोचा रविवार ठरला. साडेचारला, बाजारातल्या स्टुडिओत. बाबा पहाटेच्या बसनं दादरला गेले आणि ओल्या फडक्यात बांधून मोगऱ्याच्या कळ्या घेऊन आले, हिरव्या देठांच्या, घट्ट मिटलेल्या. वर्षभर चेष्टा करणारे बाबा ते फडकं दोन्ही हातांत धरून जिना चढले. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू रत्नागिरीच्या, त्यांना वाडी भरता यायची. जेवणं आटोपून त्या सुई-दोरा घेऊन आल्या, माझी एक वेणी घातली आणि मागे सरून बघायला लागल्या.

"तोकडी होते गो," काकू म्हणाल्या. "नि खाली शेपटीच नाही. कळ्या टोचायच्या कशात?"

आईनं वेणीचं टोक हातात घेऊन बघितलं. मग काकूच उठल्या, घरी गेल्या आणि गंगावन घेऊन आल्या, म्हणजे वेणी लांब दिसावी म्हणून जोडतात ते दुसऱ्याच्या केसांचं. काळं, चकचकीत, हातभर लांब. माझ्या वेणीच्या टोकाला त्यांनी ते गुंफायला घेतलं. मानेवर परके केस लागले आणि मी मान अशी काही झटकली की काकूंच्या हातातून ते खाली पडलं.

"नको," मी म्हणाले. "माझे नाहीत ते."

"अगं, फोटोत कुणाला कळतंय?" आई म्हणाली. तिच्या आवाजात घाई होती आणि दुसरंही काहीतरी. आता विचार करते तेव्हा वाटतं, ती विनवणी होती.

"आजोळी सगळ्यांचे खरे आहेत."

"मग चावायचे नव्हतेस!"

ते एकदाचं बाहेर पडलं. केसांवरून तिनं मला रागावून म्हटलेलं ते पहिलंच. काकू पटकन म्हणाल्या, "मी दूध ठेवून आल्ये, बघून येते," आणि निघून गेल्या. बाबा बाहेर गॅलरीत होते. फडक्यातल्या कळ्यांपैकी दोन-चार फुगायला लागल्या होत्या, खोलीत वास यायला लागला होता. आई गंगावन उचलून त्याची धूळ झटकत होती, पुन्हा पुन्हा, धूळ नसताना.

मला उभं राहवेना. मी खिडकीशी गेले, परत आले, कळ्यांचं फडकं उघडलं, झाकलं. मग म्हणाले, "तूच बस ना."

"कुठे?"

"वाडी भरायला. खिळा तुझाच आहे."

"वेडी का खुळी? चौतीस वर्षांच्या बाईनं?" ती हसली, पण तिचा हात अंबाड्याकडे गेला, आपोआप गेला, आणि मी तो बघितला. मग मी तिला विचारत बसले नाही. मागे जाऊन आकडे काढायला लागले. "अगं, सोड. अगं, थांब," ती म्हणत होती, आणि एकेक आकडा माझ्या हातात येत होता. शेवटचा निघाला आणि केस खाली आले. मी आईचे केस मोकळे कधी पाहिले नव्हते. ती न्हाणीघराचं दार लावून विंचरायची आणि अंबाडा घालूनच बाहेर यायची. आमच्या घरात केस म्हणजे माझे केस. तिचे तर नितंबांच्याही खाली गेले.

मी फणी घेतली, खालून सुरुवात केली, मग वर. टाळूपाशी आले आणि थांबले.

डोक्याच्या मध्यावर केस नव्हते. म्हणजे होते, पण पेरभर, तुटके, ताठ उभे राहिलेले, आणि त्यांच्या मधून कातडी दिसत होती. बरोबर चुंबळीएवढा गोल. पुढचे लांब केस त्याच्यावरून मागे घेऊन ती रोज तो गोल झाकत होती.

आईनं पटकन त्यावर हात ठेवला. "उन्हानं झालं असेल," ती म्हणाली.

"हंड्यानं," मी म्हणाले.

तिनं हात उचलला नाही. मी तिचा हात बाजूला केला. त्या वेळी वेणी चावायची आठवणही झाली नाही. मी पुढचे केस त्या गोलावरून ओढून घेतले, सैल हातानं, तिनं अलीकडे माझ्यासाठी शिकलेल्या हातानं, आणि वेणी घातली. माझी वेणी नेहमी वाकडी व्हायची. ती सरळ झाली.

काकू परतल्या तेव्हा आई पाटावर बसली होती. काकूंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि सुईत दोरा ओवला. "बरीच लांब आहे हो," एवढंच म्हणाल्या. त्या खालून कळ्या टोचत आल्या, मी वरून. दोन तास. त्या दोन तासांत मी एकदाही उठले नाही, हे काकूंनी नंतर सगळ्या जिन्याला सांगितलं. सव्वाचारला आम्ही खाली उतरलो. आई पदर घट्ट धरून मान खाली घालून चालत होती, नव्या नवरीसारखी लाजत, आणि बाबा दोन पावलं पुढे, येणाऱ्या-जाणाऱ्यांना हातानं बाजूला करत. स्टुडिओत आरसा लहान निघाला, म्हणून तो मी धरून उभी राहिले. हलले असते तर फोटो बिघडला असता.

सोमवारी सकाळी आईनं हंडा काढला तेव्हा मी दारात उभी राहिले आणि बाजूला झाले नाही. बाबांनी तिच्या हातातून तो घेतला आणि माळ्यावर टाकला. टाळूवरचे केस नंतर आले, पण विरळ. कधीच पूर्वीसारखे झाले नाहीत. माझे वाढले, सावकाश, बोअरिंगच्याच पाण्यावर.

आजोळी त्या खिळ्यावरचं कॅलेंडर निघालं आणि आईचा फोटो लागला. ओळीत सगळ्या दहा-बारा वर्षांच्या मुली आणि मधे एक चौतीस वर्षांची बाई, आरशात ओठ मिटून हसू दाबणारी. आरशाच्या कडेला माझी चार बोटं आलीत. लग्नकार्याला येणारी माणसं तिथे थांबतात आणि मला म्हणतात, काय केस होते गं तुझ्या आईचे! मी हो म्हणते. फोटोत तो गोल दिसत नाही. तिथे मी कळ्या दुहेरी टोचल्या होत्या.